आईची चक्कर आणि शिबिरातले साडेचौदा हजार

पहाटे कूस बदलली की आईला घर गरगर फिरतंय असं वाटायचं. अर्ध्या मिनिटात थांबायचं, पण तेवढा वेळ ती खाटेची कड घट्ट धरून बसायची. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच.

आम्ही सांगलीत राहतो. दवाखान्यांचं गाव मिरज हाकेच्या अंतरावर, तरी मी तिला नेलं एका मंगल कार्यालयातल्या 'मोफत मेंदू-नस तपासणी शिबिरा'ला. हातात धातूची दांडी दिली आणि दोन मिनिटांत बारा पानांचा रिपोर्ट काढला. "मेंदूचा रक्तपुरवठा ४० टक्के बंद आहे. उद्या लकवा मारला तर आम्हाला सांगू नका." आईचा चेहरा पांढराफटक. चक्कर कधी येते, किती वेळ टिकते, ऐकू कमी येतं का, कुणी काहीच विचारलं नाही. चूर्ण, तेल, मानेचा पट्टा मिळून १४,५०० रुपये रोख घेतले. पावती "कोर्स संपल्यावर".

पैशाचं सोसलं असतं. पण त्यांनी तिची बीपीची गोळी बंद करायला सांगितली आणि तिनं ती मला न सांगता केली. अठराव्या दिवशी प्रेशर १९०/११० निघालं. तोवर त्यांचा फोन बंद.

मग मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी सगळं खोदून विचारलं. मग आईची मान उजवीकडे वळवून तिला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली. चक्कर आली, बुबुळं थरथरली. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच मेंदूला आपण फिरतोय असा चुकीचा निरोप जातो. डॉक्टरांनी ठरावीक क्रमानं डोकं वळवून कण परत जागी नेले. याला एप्ली मॅन्युव्हर म्हणतात. दहा मिनिटं लागली, फी ५०० रुपये. आठवड्यानं पुन्हा एकदा करावं लागलं. (व्हिडिओ बघून घरी करू नका, आधी कुठल्या कानात दोष आहे ते कळावं लागतं.)

निघताना त्यांनी बजावलं: चक्करेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला, किंवा उभंच राहता येईना, तर तडक मोठ्या दवाखान्यात.

पावती नाही म्हणून माझी तक्रार अडलीय. रिपोर्ट आणि बॅनरचा फोटो जपून ठेवलाय. जिल्ह्यात आणखी कुणाच्या हातात अशी दांडी दिली असेल तर पुढे या, अर्ज मिळून देऊ.