घरात चार वाचक, चार तऱ्हा : माहितीपर पुस्तकं शोधण्याचा वर्षभराचा अनुभव

आमच्या घरात कादंबरी वाचणारी मी एकटीच. सासरे एसटीतून निवृत्त झालेत, त्यांचं म्हणणं "खरं एवढं पडलंय वाचायला, खोटं कशाला वाचू?" मुलगी तिसरीत, तिला किडे, मुंग्या, पाली असलं सगळं लागतं. पुतण्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो, नववीत आहे, आणि त्याचं जग म्हणजे बाइक. नवऱ्याला म्युच्युअल फंडाच्या पलीकडे काही दिसत नाही. एवढ्यांना पुरतील इतकी पुस्तकं दर महिन्याला विकत घेणं परवडत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं आणि जोडीला मोबाइलवरची फुकट ठिकाणं वापरायला लागले. आता वर्ष होत आलंय, तर काय चाललं आणि काय नाही ते लिहिते.

आधी वाचनालय. कथा-कादंबरी हवी असेल तर आपल्या वाचनालयांसारखी सोय नाही, लेखकाच्या नावाने कपाटं लावलेली असतात. माहितीपर पुस्तकांचं मात्र तसं नाही. आमच्याकडे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, ललित असे विभाग आहेत आणि उरलेलं सगळं 'संकीर्ण'. त्या एका कपाटात शेळीपालनाला खेटून ताऱ्यांची ओळख, त्याला खेटून मधुमेह आणि खालच्या फळीवर वारली चित्रकला. मोठ्या ग्रंथालयात ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तकं लावतात, तिथे 598 म्हटलं की पक्षी, 523 म्हटलं की ग्रहतारे, 641 म्हटलं की खाणंपिणं. एकदा आकडा कळला की त्या फळीपाशी उभं राहायचं आणि शेजारची पुस्तकं चाळायची, शोध तिथेच निम्मा संपतो. ज्यांनी पुस्तकं विषयवार लावण्याची द्विबिंदू वर्गीकरण ही पद्धत काढली आणि 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र 1931 मध्ये पुस्तकात मांडलं ते ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन आपलेच, पण तालुक्याच्या वाचनालयाचा दाखलांक (पुस्तकावर घातलेला नोंदणीचा आकडा) अजून पुस्तक कधी विकत घेतलं एवढंच सांगतो.

तरीही मी संकीर्णच्या कपाटाला पैकीच्या पैकी गुण देईन. तिथे फारसं कोणी फिरकत नाही. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर कित्येक वर्षं शिक्काच नसतो, त्यामुळे पुस्तकं कोरी करकरीत मिळतात. आमच्या ग्रंथपाल ताईंना नाव न सांगता विषय सांगायचा, एवढं मी पहिल्या महिन्यात शिकले. "मुंग्यांवर काही आहे का?" म्हटलं की त्या थोडा विचार करतात आणि यादीत कधीच सापडलं नसतं असं काहीतरी काढून देतात.

चांगला माल दुसऱ्या विभागांतही दडलेला असतो. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आमच्याकडे कादंबऱ्यांत आहे, कारण माडगूळकर तिथे! खरं तर तो जंगलात राहून पाहिलेल्या प्राण्या-पाखरांचा वृत्तांत. म्हणजे जंगलाची आवड असलेल्याने कादंबरीचं कपाटही पालथं घालायला हवं. आणि ललितचं तर नक्कीच, झाडं, पाऊस, पक्षी यांवरचं मराठीतलं बरंच उत्तम लेखन तिथे पडून आहे.

सासऱ्यांची गाठ गोडसे भटजींशी पडली ती प्रवासवर्णनात. 'माझा प्रवास' म्हणजे पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक ब्राह्मण दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघतो, 1857 च्या बंडात सापडतो आणि झाशीचा वेढा आतून बघतो. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, बंडापेक्षा रस्त्यात रस. जुना महाराष्ट्राचा रस्त्यांचा नकाशा पुढ्यात पसरून, कुठून घाट चढले असतील, मुक्काम कुठे पडला असेल, याच्या खुणा पेन्सिलीने करत होते. मधूनच "इथे आता आमचा थांबा आहे" असं कोणाला तरी सांगायचे. त्यानंतर त्यांना प्रवासवर्णनाशिवाय काही चालत नाही. अट एकच, अक्षर मोठं हवं. वयस्कर माणसासाठी पुस्तक घेताना विषयाच्या आधी मधलं एखादं पान उघडून खिडकीपाशी धरून बघा. बारीक टाइप आणि चकचकीत कागद असेल तर विषय कितीही आवडीचा असो, दोन दिवसांत ते पुस्तक उशाखाली जातं.

आता एक सावधगिरी, आणि ही माहितीपर पुस्तकांनाच लागू आहे. कादंबरी शिळी होत नाही, माहिती होते. पुठ्ठा नवा, चित्रं रंगीत, आत मात्र नऊ ग्रह. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं 2006 मध्ये. महाराष्ट्राच्या भूगोलात 35 जिल्हे लिहिलेले असतील तर तो मजकूर ऑगस्ट 2014 च्या आधीचा, कारण पालघर हा 36 वा जिल्हा तेव्हा झाला. मी हल्ली पुस्तक हातात घेतलं की आधी मुखपृष्ठामागचं पान बघते. तिथे 'पुनर्मुद्रण' असेल तर बहुधा जुनाच मजकूर परत छापलेला. 'सुधारित आवृत्ती' असेल तर निदान कोणीतरी हात फिरवलाय. आरोग्य, कर, गुंतवणूक, कॉम्प्युटर या विषयांत तर साल बघितल्याशिवाय पुस्तक घरी आणूच नये. नवऱ्याने आयकराचं जे आणलं होतं त्यातले टप्पे कधीच बदलून गेले होते. इतिहास, चरित्र, निसर्ग यांत सालाचं एवढं बिघडत नाही.

मोबाइलवरच्या ठिकाणांत मुलीसाठी सर्वांत जास्त वापर झाला तो प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरचा. मराठीत पुष्कळ पुस्तकं आहेत, फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. विज्ञान, निसर्ग, चरित्र असं चाळून काढता येतं. तिथे पातळी 1 ते 4 अशी असते आणि पालक त्याला इयत्ता समजतात, पण ती वाचता किती येतं याची पातळी आहे, वयाची नाही. माझी मुलगी गोष्ट असेल तर तिसऱ्या पातळीची सहज वाचते, पण कोळी जाळं कसं विणतो हे तिला दुसऱ्या पातळीचं लागतं, कारण त्यात नवे शब्द जास्त. उलट पालींच्या बाबतीत ती चौथ्या पातळीलाही घाबरत नाही. आवड असली की पोर पायरी ओलांडून वर जातं, म्हणून मी पुठ्ठ्यावरचं 'वयोगट 8 ते 12' वाचणंच सोडून दिलं.

हाताने काही करायची खोड असलेल्या मुलांसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि विज्ञानाचे प्रयोग यांसाठी ते प्रसिद्ध आहेतच, पण तिथे मराठी पुस्तकांचाही साठा आहे. दिसायला साधं, लांबच्या लांब यादी. फोनवर कंटाळा येतो, संगणकावर बसून शोधा.

मोठ्यांसाठी मला सर्वांत उपयोगी पडलं ते पुस्तकांचं ठिकाण नाहीच. मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केलेला हा कोश आता जालावर फुकट आहे. पुष्कळशा नोंदींच्या शेवटी 'संदर्भ' म्हणून पुस्तकांची यादी असते आणि खाली नोंद लिहिणाऱ्याचं नाव. त्या दोन ओळी म्हणजे जाणकाराने दिलेली शिफारस. लोककला, संत, किल्ले, इतिहास यांच्या नोंदींत मराठी पुस्तकं हमखास सापडतात, ती नावं कागदावर लिहून वाचनालयात न्यायची. शास्त्राच्या नोंदींत संदर्भ बहुतेक इंग्रजी आणि जुने, तिथे लेखकाचं नाव धरून पुढे शोधावं लागतं.

ऑनलाइन विक्रीच्या साइट्सवर शोधण्याचा अनुभव यथातथाच. पाठराखण, म्हणजे मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर, सगळीकडे 'प्रत्येकाने वाचावे असे' या चालीवर. आत काय आहे ते कळायला अनुक्रमणिका लागते आणि नेमकी तीच नसते. चार पानं चाळायला देत असतील तर ती बघायची, नाहीतर मी सोडून देते. अनुक्रमणिकेवरून आठवलं, आपल्याकडच्या माहितीपर पुस्तकांत शेवटी विषयसूची, म्हणजे कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणारी यादी, का नसते? आंब्याच्या मोहरावरच्या रोगाविषयी एक परिच्छेद हवा असेल तर अडीचशे पानं चाळा! सूची असलेलं पुस्तक दिसलं की मी लेखकाला मनातल्या मनात नमस्कार करते.

पुतण्याची गोष्ट वेगळीच. त्याला सलग पुस्तक नको. मी म्हटलं, अनुक्रमणिका बघ आणि हवं तेवढंच वाच. माहितीपर पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असा काही नियम नाही. त्या वाटेने तो वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'पर्यंत आला. गुलामीत जन्मलेला, पुढे भुईमुगावर प्रयोग करणारा माणूस म्हटल्यावर मधूनच सुरुवात केली आणि मग आपणहून मागे गेला. पण ते चरित्र. बाइकचं इंजिन कसं चालतं, बॅटरीवरची गाडी आणि पेट्रोलची गाडी यांत आत काय फरक असतो, हे त्याच्या वयाला पेलेल अशा मराठीत मला मिळालेलं नाही. एकतर दहा पानांचं चित्रमय बालसाहित्य, नाहीतर थेट आयटीआयचं क्रमिक पुस्तक. बारा ते सोळा या वयासाठी आमच्या वाचनालयात हीच अडचण जवळजवळ प्रत्येक तांत्रिक विषयात आली.

ज्यांना पाहिजे ते पुस्तक आजच्या आज हवं त्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये, यात वेळ जातो. महिन्यातून दोनदा वाचनालयात अर्धा तास उभं राहायची तयारी असेल तर मात्र खर्चाच्या मानाने पदरात भरपूर पडतं.

वाचनालयात मागणीची वही असते, ती फारसं कोणी उघडत नाही. मी इंजिनाचा विषय त्यात लिहिला तर ताई म्हणाल्या, "वहिनी, नुसत्या विषयावर खरेदी होत नाही, पुस्तकाचं नाव द्या." तेव्हा नववी-दहावीच्या पोरांनी खरोखर वाचून संपवलेली, गाड्या, यंत्रं किंवा विजेवरची मराठी पुस्तकं कोणाला माहीत असतील तर नाव, प्रकाशन आणि आवृत्तीचं साल कळवा. पुढची खरेदी दिवाळीनंतर आहे.