गाडी डावीकडे ओढते म्हणून गेलो आणि २१,००० रुपयांना फसलो

२०२४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याचे एक लग्न आटोपून पारोळ्याला परतत असताना आमची गाडी डावीकडे ओढत असल्याचे मला पहिल्यांदा जाणवले. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की गाडी कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकू लागे आणि तिला सरळ ठेवण्यासाठी उजवीकडे सतत थोडा जोर लावावा लागे. घरी उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून जळका वास आला. लिटरमागे १८ किलोमीटर जाणारी गाडी त्या महिन्यात १५ वर आली होती. या तिन्ही गोष्टी एकाच बिघाडाच्या खुणा होत्या, हे मला तेव्हा उमगले नाही. ज्यांना ते उमगायला हवे होते, त्यांना मी तिन्ही गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी पुढच्या सहा आठवड्यांत माझ्याकडून २१,००० रुपये घेतले.

जळगावात एक काम होते, म्हणून शहराबाहेर महामार्गालगत असलेल्या अलाइनमेंटच्या (चाकांची दिशा जुळवण्याच्या) एका मोठ्या दुकानात मी गाडी नेली आणि "अलाइनमेंट करून द्या" असे सांगितले. माझी पहिली चूक इथेच झाली, कारण तिन्ही गोष्टी सांगितल्या तरी त्यांवरून कारण शोधायला लावण्याऐवजी मी स्वतःच कारण ठरवून गेलो होतो. दुकानातल्या मुलाने गाडी बाहेर फिरवून आणली, स्टिअरिंग सोडून ती डावीकडे कशी जाते ते मला दाखवले, आणि यंत्रावर चढवून लाल-हिरव्या आकड्यांचा कागद हातात दिला. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे ९०० रुपये झाले, "कॅम्बर बसवण्याचे", म्हणजे चाकाचा उभा कल जुळवण्याचे, वेगळे १,४०० लागले, आणि पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले आहेत, ते बदलल्याशिवाय गाडी सरळ चालणार नाही, असे सांगून ८,४०० रुपयांचे दोन नवे टायर बसवले. जळक्या वासाचा विषय मी पुन्हा काढला तेव्हा मालक म्हणाले, "काका, ऊन बघा ना किती आहे. आपल्या खान्देशात मे महिन्यात चाक तापणारच." बाहेर ४४ अंशांचे ऊन होते, त्यामुळे मला ते पटले. परत येताना गाडी खरोखरच सरळ चालली.

अकरा दिवसांनी एरंडोलजवळ पेट्रोल भरताना मी हवा तपासायला सांगितली. डाव्या पुढच्या चाकात ३३ आणि उजव्यात २४ निघाली. पंपावरच्या मुलाने उजव्या चाकात पंक्चर आहे का ते पाहिले, पण काही सापडले नाही, म्हणून दोन्हीकडे ३३ हवा भरून मी जळगावच्या दिशेने निघालो. पाळधी येईपर्यंत गाडी पूर्वीइतकीच डावीकडे ओढू लागली होती. हवा सारखी केल्याबरोबर दुखणे परत का आले, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. मी मात्र तसाच त्याच दुकानात गेलो.

या वेळी गाडी वर चढवून एकाने पहारीने चाक हलवून दाखवले आणि दोन्ही लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यांचे) बुश, म्हणजे टोकांचे रबर, गेले आहेत असे सांगितले. आर्म बदलण्याचे ५,६०० आणि त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते म्हणून ७०० रुपये घेतले. सुटे भाग बदलत असताना मला बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसवले होते. जुने आर्म मागितले तर "भंगारात गेले" असे उत्तर मिळाले. गाडी पुन्हा सरळ झाली होती, तरीही मालकांनी बजावले की स्टिअरिंग रॅकही (स्टिअरिंग फिरवल्यावर चाके वळवणारा भाग) शेवटच्या घटकेला आले आहे, ते मागवायला वेळ लागेल, तेव्हा ४,००० रुपये आगाऊ द्या. पक्के बिल मागितल्यावर "जीएसटी लावला तर उगाच तुमचेच पैसे वाढतील" म्हणून त्यांनी साध्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले.

खरे कारण सापडले ते पारोळ्यात, अमळनेर रस्त्यावरच्या एका लहानशा गॅरेजमध्ये. गाडीचा हॉर्न वाजत नव्हता, एवढ्यासाठीच मी तिथे थांबलो होतो. मिस्तरी पुढून वळसा घालताना डाव्या चाकाजवळ थबकले, त्यांनी आधी उजव्या रिमजवळ आणि मग डाव्या रिमजवळ तळहात नेला आणि म्हणाले, "नाना, आठे हात लाई देखा," म्हणजे इथे हात लावून बघा. उजवे चाक उन्हात राहिलेल्या कोणत्याही लोखंडाइतके गरम होते. डाव्याच्या जवळ हात धरवत नव्हता. ऊन दोन्ही चाकांना सारखेच लागते, ही इतकी साधी गोष्ट मला सहा आठवड्यांत कोणी दाखवली नव्हती आणि माझ्याही ध्यानात आली नव्हती.

त्यांनी लगेच पान्याला हात घातला नाही. गाडी नेहमीच ओढते की फक्त ब्रेक दाबल्यावर, वेग वाढवताना ओढ वाढते का, सुरुवात अचानक झाली की हळूहळू, एखाद्या खड्ड्यात चाक आदळले होते का, असे एकेक विचारून घेतले. मग हवा मोजली. उजव्या चाकात पुन्हा २४ होती. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी सुन्न झालो. ज्या चाकात हवा कमी असते त्या बाजूला गाडी ओढते, म्हणून डावीकडची ओढ झाकायची असेल तर उजव्या चाकातली हवा काढून टाकायची, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना तोलून धरतात आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. एकदा झाले असते तर मी चूक समजलो असतो, पण दोन्ही खेपांना तेच चाक आणि तोच आकडा होता. वैशाखाच्या उन्हात कमी हवेचा टायर भर वेगात फुटू शकतो, आणि त्याच गाडीतून पुढच्या आठवड्यात मी बायको-नातवंडांसह कन्नडचा घाट चढणार होतो. पैशांपेक्षा ही गोष्ट मला आजही जास्त छळते.

हवा ३३ करून आम्ही गाडी फिरवून पाहिली. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालवत असल्यामुळे धडधाकट गाडीही किंचित डावीकडे सरकते, म्हणून मिस्तरींनी ती बाजार समितीच्या सपाट आवारात नेऊन पाहिली. तिथेही ओढ कायम होती. मग त्यांनी पुढचे दोन्ही टायर आपसांत बदलले. दोष टायरमध्ये असता तर ओढ उजवीकडे गेली असती, ती डावीकडेच राहिली. (ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो ते असे बदलता येत नाहीत, माझे तसे नव्हते.) त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन, गिअर काढून त्यांनी चाके हाताने फिरवली. उजवे चाक सहज दोन फेरे फिरले, डावे अर्ध्या फेऱ्यातच करकरत थांबले. डाव्या कॅलिपरची (पिस्टनच्या जोराने डिस्कवर पॅड दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाची) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब सोडायची तोटी, सैल केल्यावर चाक मोकळे झाले असते तर दोष आतून फुगलेल्या ब्रेकच्या नळीत असता. ते मोकळे झाले नाही, म्हणजे पिस्टनच अडकले होते. कॅलिपर उघडल्यावर पिस्टनभोवतीचे रबर फाटलेले, आत गंज चढलेला आणि ब्रेक पॅड जवळजवळ संपलेले निघाले, डिस्कवर निळसर झाक आली होती. ब्रेकवरून पाय काढल्यावरही पिस्टन मागे येत नव्हते, म्हणून डावे चाक अखंड आखडलेले राही. ओढ, वास आणि वाढलेला पेट्रोलचा खर्च, तिघांचा उगम तोच होता. कॅलिपरचे किट, पॅड, ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून २,३५० रुपये झाले. त्या दिवसापासून गाडी सरळ चालते आहे आणि रॅक जुनेच आहे.

काम उरकल्यावर त्यांनी बॅटरीच्या उजेडात मला लोअर आर्म दाखवले. ते नवे नव्हतेच. जुन्याच आर्मवर काळा रंग मारलेला होता आणि रंगाखालची वाळलेली माती नखाने सुटत होती. बोल्टच्या कडांवरचा जुना गंज अखंड होता, म्हणजे त्यांना पानाच लागला नव्हता. टायरच्या बाजूवर लंबगोलात ३११९ असा आकडा होता. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे मला नवे म्हणून विकलेले टायर २०१९ च्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. अलाइनमेंटच्या कागदावर माझ्या गाडीऐवजी दुसऱ्याच मॉडेलचे नाव होते आणि "आधी" व "नंतर" या रकान्यांत कॅम्बरचे आकडे हुबेहूब तेच होते. माझ्या गाडीत पुढच्या चाकांचा कॅम्बर जुळवण्याची सोय कंपनीने दिलेलीच नाही, टाय रॉडवरून टो, म्हणजे चाके पुढून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, तेवढा जुळवता येतो, हेही मला त्या दिवशी समजले. आणि टो बिघडला तर मुख्यतः टायर खाल्ले जातात आणि स्टिअरिंग तिरपे राहते, बॅलन्सिंगचा संबंध वेगात स्टिअरिंग थरथरण्याशी असतो, म्हणजे पहिल्या दिवशी दिलेल्या २,३०० रुपयांत माझ्या तक्रारीवरचा इलाज नव्हताच.

मी दुकानात जाऊन हे सारे फोटो दाखवले. मालकांनी आगाऊ घेतलेले ४,००० रुपयेही परत केले नाहीत, उलट बाहेरच्या मिस्तरीने गाडी उघडल्यामुळे आता आमची जबाबदारी नाही असे सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हे माहीत झाल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचे तर दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, तेव्हा तिथेही अर्ज करण्याचे मी ठरवले आहे. माझ्या हाती ती आकड्यांची चिठ्ठी, मोबाइलवरून दिलेल्या पैशांच्या नोंदी, अलाइनमेंटचा कागद आणि आर्मचे फोटो आहेत. पिस्टनवरचे फाटके रबर मिस्तरींनी कागदाच्या पुडीत बांधून दिले होते, ते मी त्याच फाइलमध्ये ठेवले आहे.