सुधारणा प्रकल्प की संशोधन?

एअर ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टर मैत्रिणीचा प्रश्न: हाताशी नोंदी आहेत, सुधारणा प्रकल्प करू की रीतसर संशोधन?

वेळ-खर्च बघितला तर प्रकल्प सोपा. ऑक्सिजन न घसरता पहिल्याच प्रयत्नात श्वासनलिकेत नळी किती वेळा बसली, हे दरमहा मोजायचं, चेकलिस्ट बदलायची, पुन्हा मोजायचं. उत्तर मात्र आपल्याच तळापुरतं.

संशोधनाला एथिक्स कमिटीची परवानगी, पैसा, माणसं. त्यात बेशुद्ध रुग्णाची संमती घेणार कशी? इथेच घोडं अडतं. पण फळही तसंच. अमेरिकेतल्या ‘पॅम्पर’ चाचणीत (२०१८) ५०१ जखमी होते. रुग्णालयात पोहोचण्याआधीच प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) मिळालेल्यांत ३० दिवसांतले मृत्यू २३ टक्के, इतरांत ३३. चेकलिस्टने हे कधीच कळलं नसतं.

माहीत असलेला उपचार नीट होत नसेल तर प्रकल्प घ्या. उपचारच लागू पडतो का अशी शंका असेल, तर संशोधनाला पर्याय नाही.