अस्ट्रिड आणि इंग्रिड: दोन नॉर्डिक नावे

अस्ट्रिड आणि इंग्रिड या दोन्ही स्त्रीनामांचा उत्तरार्ध उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स भाषेतील ‘सुंदर’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे. फरक आहे तो पूर्वार्धात. अस्ट्रिडमध्ये नुसता ‘देव’ आहे, तर इंग्रिडमध्ये इंग, म्हणजे सुफलतेचा देव फ्रेय, नावानिशी हजर आहे. ख्रिस्ती धर्म आल्यावरही ही देवनामे पुसली गेली नाहीत, हे विशेष. नॉर्वेचा संतपदाला पोहोचलेला राजा ओलाफ याच्या राणीचेच नाव अस्ट्रिड होते.

विसाव्या शतकात एका स्वीडिश राजकन्येने अस्ट्रिड हे नाव बेल्जियमला नेले. तेथील ही लाडकी राणी 1935 मध्ये स्वित्झर्लंडमधील मोटार अपघातात मरण पावली, आणि अँटवर्पच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोरचा चौक आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. इंग्रिडला जगभर नेले ते अभिनेत्री इंग्रिड बर्गमन हिने.

लोकप्रियतेत मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या आहेत. अस्ट्रिड मध्यंतरी आजीबाईंचे नाव ठरले आणि शतक सरताना स्वीडन व डेन्मार्कमध्ये पुन्हा रुजले. नॉर्वेत इंग्रिड अधिक टिकाऊ ठरले असे मला वाटते. 2004 मध्ये जन्मलेल्या तेथील राजकन्येचे नावही इंग्रिड अलेक्झांड्राच आहे.