युरोपीय आयोगाचा आर्थिक अंदाज : आकड्यांपेक्षा गृहीतके वाचण्याजोगी

युरोपीय संघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केलेला शरद ऋतूचा आर्थिक अंदाज संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. पुणे-चाकण परिसरातील ज्या कारखान्यांचे सुटे भाग जर्मनीला जातात, तेथे पुढील वर्षाचे नियोजन करणाऱ्यांनी तो मुळातून वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बातम्यांत आले ते एवढेच, की युरोपीय संघाची आर्थिक वाढ २०२५ आणि २०२६ मध्ये प्रत्येकी १.४ टक्के आणि २०२७ मध्ये १.५ टक्के राहील. पण २०२५ चा आकडा वर गेला, त्यात अमेरिकेचे वाढीव आयातशुल्क लागू होण्याआधी घाईने पाठवलेल्या मालाचा मोठा वाटा आहे, आणि त्यात आयर्लंडमधील औषध कंपन्यांची निर्यात ठळक आहे. अशी मागणी दरवर्षी येत नाही. त्यामुळे एकूण सरासरीवर विसंबण्याऐवजी थेट देशवार प्रकरणांकडे वळावे.

जर्मनीसाठी २०२५ मध्ये ०.२ आणि २०२६ मध्ये १.२ टक्के वाढ दिली आहे. ही झेप पाहून हुरळून जाण्याआधी कॅलेंडर उघडावे. २०२६ मध्ये ३ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन आणि २६ डिसेंबरची नाताळची सुट्टी, दोन्ही शनिवारी येतात. म्हणजे कामाचे दिवस वाढतात आणि वाढीचा काही भाग तेवढ्यानेच भरून निघतो. उरलेला भार सरकारी खर्चावर आहे. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने राज्यघटनेतील कर्जमर्यादा शिथिल करून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी उभारण्याचा मार्ग मोकळा केला. तो पैसा प्रत्यक्ष कामांत किती वेगाने उतरतो, यावर बरेच काही ठरेल.

या अहवालाचे खरे मोल त्याच्या गृहीतकांत आहे. जी धोरणे ठरली आहेत आणि ज्यांचा पुरेसा तपशील उपलब्ध आहे, तीच हिशेबात धरली जातात. नुसत्या घोषणा बाजूला ठेवल्या जातात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे सरकारांपुढील पेच उघड दिसतो : संरक्षणखर्च वाढत असताना संघातील सरकारांची एकत्रित तूट २०२४ मधील जीडीपीच्या ३.१ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ३.४ टक्क्यांवर जाईल, असे हाच अहवाल सांगतो, आणि नियमातील मर्यादा तर ३ टक्क्यांची आहे. त्यातच कोविडनंतर उभारलेल्या पुनरुत्थान निधीची मुदत २०२६ मध्ये संपते.

उणिवाही आहेत. २०२३ च्या शरद ऋतूत आयोगाने जर्मनीसाठी २०२४ मध्ये ०.८ टक्के वाढ वर्तवली होती. प्रत्यक्षात अर्थव्यवस्था आकसली. जोखमींची चर्चा सविस्तर असली तरी तक्त्यातला दशांशापर्यंतचा एकच आकडा नको तेवढी खात्री देऊन जातो. शिवाय देशवार प्रकरणे त्रोटक आहेत आणि वाहन उद्योगाचा स्वतंत्र अंदाज त्यांत मिळत नाही.

तरीही जर्मनीच्या तक्त्यातील यंत्रसामग्रीवरील गुंतवणुकीची ओळ मी दर खेपेस उतरवून घेतो आणि मागील अंदाजातील त्याच ओळीशेजारी मांडतो. आमच्या ग्राहकांच्या मागणीचा कल मला जीडीपीच्या आकड्यापेक्षा त्या ओळीतून अधिक लवकर कळतो.