तालीम की डोजो?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पालक मुलाला तालमीत पाठवावे की कराटेच्या वर्गात, म्हणजे डोजोत, असा विचार करतात तेव्हा बोलणे बहुधा स्वसंरक्षणापाशीच थांबते; मनाच्या घडणीतला फरक मागे राहतो. तालमीत पैलवान मारुतीला नमस्कार करून मातीत उतरतो, आणि ब्रह्मचर्य, खुराक व वस्तादांवरील निष्ठा हीच त्याची साधना ठरते. कराटेला असे दैवत नाही. ओकिनावात जन्मलेल्या आणि १९२२ साली टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी सरावाचा आरंभ व शेवट नमस्काराने व्हावा आणि पहिला वार आपण करू नये, असा दंडक घालून दिला. काता, म्हणजे कल्पित प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने एकट्याने करायचा सराव, त्यात तर समोर कोणीच नसताना चित्त ढळू द्यायचे नसते. कुस्तीत आपला अहंकार समोरचा मल्ल पाठीवर पाडून उतरवतो. कातामध्ये तो स्वतःच उतरवावा लागतो, आणि माझ्या मते हे अधिक अवघड आहे. (केवळ पट्ट्यांचे रंग बदलण्यासाठी चालणाऱ्या वर्गात यातले काहीच हाती लागत नाही, हे वेगळे.) धसमुसळ्या, सोबतीत रमणाऱ्या मुलाला मी तालीम सुचवीन, अंतर्मुख मुलाला कराटे.