सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी : युरोपचा कायदा आणि भारताचा नियम

सशाच्या डोळ्यात रसायन घालून त्याची लाली आणि सूज मोजायची, ही ड्रेझ चाचणी 1944 सालची आहे. शाम्पू किंवा काजळासाठी ती बंद करण्याचे दोन मार्ग येथे पाहू.

युरोपीय संघाने टप्प्याटप्प्याने बंदी आणली. 2004 मध्ये तयार उत्पादनांच्या आणि 2009 मध्ये घटकद्रव्यांच्या चाचण्या थांबल्या, तर मार्च 2013 पासून अशी चाचणी झालेल्या मालाची विक्रीही पूर्णपणे बंद झाली. भारताने मे 2014 मध्ये चाचणीवर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांतही ती कायम राहिली.

युरोपची बंदी तेथील संसदेने संमत केलेल्या कायद्यात आहे, मात्र रसायनांविषयीच्या ‘रीच’ या दुसऱ्या कायद्याने तिला खिंडार पाडले आहे. सनस्क्रीनमधील होमोसॅलेट हे रसायन केवळ प्रसाधनांतच वापरले जात असूनही, ते हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी प्राण्यांवरील चाचण्या मागता येतात, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने 2023 मध्ये दिला. कामगारांची काळजी रास्तच आहे, पण तिची किंमत मुक्या जिवांनी मोजावी, हे मला पटत नाही.

भारताची तरतूद सुटसुटीत आणि मला अधिक भावणारी आहे. तथापि ती 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने या मूळ अधिनियमात नसून नियमांत असल्याने संसदेची पूर्वमंजुरी न घेता अधिसूचनेद्वारे बदलता येते. म्हणून ती अधिनियमातच आणली पाहिजे. शिवाय प्राण्यांऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या पटलावर डोळ्यांची जळजळ तपासण्याची मान्यताप्राप्त पद्धत आज उपलब्ध आहे.